दोन पेट्या

पास्काच्या रात्री गौरवगीताला आरंभ होतो तो क्षण मला आजही लहान मुलासारखा हवाहवासा वाटतो. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर घंटा मुक्या होतात. वाद्ये वाजलीच तर गायनाला आधार देण्यापुरती, तीही दबक्या सुरात. मग शनिवारी रात्री दिवे उजळतात, घंटा घणघणू लागतात आणि दोन दिवसांची कोंडी एकाएकी फुटते. तीन वर्षांपूर्वी वडाळ्याच्या आमच्या धर्मग्रामात, मराठी जागरणविधीच्या वेळी, ती जरा निराळ्याच रीतीने फुटली. गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्या मुलाने पायाशी ठेवलेल्या एका लहानशा पेटीची कळ दाबली आणि देवळात जणू समुद्र शिरला. एका सुराचे दहा सूर झाले, ते छताला जाऊन एकमेकांवर आपटले, त्यांतून एक बारीक शीळ निघाली आणि वाढत वाढत तिची किंकाळी झाली. पहिल्या बाकावरच्या आजींनी कान झाकून घेतले. मी वेदीवरून सॅक्रिस्टनला हाताने खूण केली. त्याने तार उपटली. गौरवगीत टीचरांच्या पेटीवर कसेबसे पुरे झाले आणि तो मुलगा उरलेली सर्व मिस्सा गिटार मांडीवर घेऊन, खाली पाहत बसून राहिला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

"बरेच झाले, फादर," टीचर म्हणाल्या. "देवळात वीज दिव्यांना असावी, सुरांना नसावी." टीचर म्हणजे आमच्या गायकवृंदाच्या जुन्या प्रमुख, निवृत्त शिक्षिका, आणि त्यांच्या हार्मोनियमला सारा धर्मग्राम 'पेटी' म्हणूनच ओळखतो. त्यांच्याशी वाद घालण्याचे धाडस मी करीत नाही. नाहीतर त्यांना सांगता आले असते, की ही पेटीदेखील पॅरिसची. तिचे पेटंट १८४२ सालचे. मिशनऱ्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली, १८७५ च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले, आणि पुढे आकाशवाणीने तिला परकी ठरवून १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर उभे केले. उपासनेतील वाद्यांचा इतिहास असाच आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानोला मनाई केली होती आणि ढोलझांजांना तर उच्छृंखल म्हटले होते. साठ वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली. अट एवढीच, की ती उपासनेला शोभणारी असावीत आणि भाविकांच्या खऱ्या उपयोगी पडावीत. मी सेमिनरीत शिकत होतो तोवर गिटार ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. मीही वाजवत असे, अर्थात विजेवाचून. त्याआधी धोबीतलावच्या रंगभवनात विजेची गिटार ऐकायला मित्रांबरोबर गेलो होतो, हे तेव्हा रेक्टरांना सांगितले नव्हते. आज सांगायला हरकत नसावी.

इतका इतिहास ठाऊक असूनही मला साधी गोष्ट सुचली नाही: खूण करण्याऐवजी विधी संपेपर्यंत थांबावे, नंतर त्याला बाजूला घेऊन बोलावे. ती खूण भरल्या देवळाने पाहिली होती. प्रवचनात मी पुनरुत्थानाविषयी बोललो, आणि समोर एक मुलगा मान वर करीत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. गोदीच्या बाजूला पोर्ट ट्रस्टची जुनी वसाहत आहे, तिथे तो आईवडिलांसोबत राहतो. वडील गोदीतून निवृत्त झालेले. ते मला पाहून गडबडीने सदरा घालायला आत गेले. मुलगा दारातच उभा राहिला. "फादर, तुम्ही कशाला आलात? मी नाही वाजवणार आता." मी म्हणालो, "वाजवू नकोस. त्या पेटीत काय आहे, तेवढे दाखव." त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले, मग पलंगाखालून पेटी काढली, तिला हेडफोन जोडला आणि माझ्या कानांवर चढवला.

वाचकहो, जे मी ऐकले ते फार सुंदर होते. तोच सूर, तीच चाल. पण जणू एखाद्या मोठ्या, रिकाम्या, संध्याकाळच्या देवळात कोणी दुरून वाजवीत आहे. ज्या नादाला मी किंकाळी समजून बंद करविले तो हाच. मी हेडफोन काढला तेव्हा खोलीत फक्त तारांची बारीक किणकिण होती आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी.

पेटीची कहाणी त्याने मग सांगितली. तो बेंजोवाल्यांच्या पार्टीत वाजवीत असे. लालबाग-परळच्या गणपतीच्या मिरवणुका किंवा आपल्याकडच्या हळदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना बेंजो ठाऊक असतो. अमेरिकन बँजोशी त्याचा नावापुरताच संबंध. वास्तविक तो बुलबुलतरंग, म्हणजे जपानातील नागोया शहरी १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज. टाइपरायटरसारख्या कळा असलेल्या या घरगुती वाद्याला आपल्या मुलांनी पिकअप बसवला, भोंगे जोडले आणि ट्रकवर चढवले. त्या पार्टीतल्या एका जोडीदाराकडून त्याने ही पेटी, म्हणजे डिजिटल प्रोसेसर, जुन्या किमतीत घेतली होती. पहिल्या पगाराचे पैसे त्यात गेले होते.

"रस्त्यावर आवाज उडून जातो, फादर. भिंतच नसते ना. म्हणून इको घालायचा."

एवढ्या एका वाक्यात सारा उलगडा झाला. उघड्या रस्त्यावर नादाला परतायला जागा नसते, म्हणून यंत्राकडून ती जागा उसनी घ्यायची. आमच्या देवळात तर ती जागा आधीच आहे, नको इतकी. उंच छत, गुळगुळीत भिंती, उघडी फरशी. त्या पेटीतले नकली देऊळ आमच्या खऱ्या देवळात घातले, म्हणजे देवळात देऊळ शिरले. मग शब्द उरणार कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ रिकामे असताना आम्ही दोघे आत गेलो. मी वेदीजवळ टाळी वाजवली आणि घड्याळाकडे पाहिले. नाद विरायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला. संगीताला हे मानवते, बोलण्याला नाही. शब्द स्पष्ट कळायला एखादा सेकंद पुष्कळ. मी वाचनमंचावरून स्तोत्र वाचू लागलो, तो मागच्या बाकावर जाऊन ऐकू लागला. पेटीतला प्रतिध्वनी चालू असताना माझा 'प्रभू' तिथे 'प्रबू' होऊन पोचत होता आणि 'भार'चा 'बार' झाला होता. मराठीत ख, घ, ध, भ यांचा जीव त्या एका हलक्या श्वासात असतो, आणि नादाच्या पुरात पहिल्यांदा तोच बुडतो. टीचरांची तक्रार विजेविषयी होती. त्यांच्या कानाला खटकत होते ते बहुधा हे.

किंकाळीचे कारण वेगळे निघाले. त्याची गिटार पोकळ लाकडी. तिच्या पोटात पिझो पिकअपची चकती चिकटवलेली. स्पीकरचा आवाज परत त्या पोकळीत शिरतो, लाकूड थरथरते, चकती ते टिपते, यंत्र ते वाढवून पुन्हा स्पीकरकडे पाठवते, आणि हे चक्र फिरतच राहते. पेटीत जो आवाज साठवला होता तो विजेच्या भरीव गिटारीसाठी बनवलेला, त्यात सूर मुद्दाम फाडून जाड केलेला. साहजिकच चक्राला आयते बळ मिळाले. आम्ही एकेक गोष्ट बंद करीत गेलो. शेवटी पेटीत जवळजवळ काहीच चालू नव्हते आणि देवळात गिटार प्रथमच गिटारीसारखी वाजली. तो हसला. पास्कानंतर त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

आणि इथे माझ्या हातून दुसरा अपराध घडला. पेटीचा अ‍ॅडॅप्टर तारेला पुरत नव्हता, म्हणून मी मोठ्या उत्साहाने कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर आणून जोडला. टोक अगदी नीट बसले. पेटी नऊ व्होल्टची, अ‍ॅडॅप्टर बारा व्होल्टचा; शिवाय गिटारीच्या बहुतेक पेट्यांत पिनचा मध्य ऋण असतो आणि आमच्या कीबोर्डच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये तो धन होता. क्षणभर जळकट वास आला. तेवढेच. तो काही बोलला नाही, पेटी उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "जाऊ द्या, फादर." त्याने रागावायला हवे होते असे मला वाटले.

आता प्रश्न विनंतीचा राहिला नाही, भरपाईचा झाला. अर्थसमितीच्या बैठकीत मी झाला प्रकार सांगितला. समितीत मंडळी समंजस आहेत, परंतु पावसाळा तोंडावर होता आणि छताच्या दुरुस्तीचा अंदाजखर्च टेबलावर पडला होता. "एका मुलाच्या छंदासाठी?" असे एकाने विचारले, आणि ते विचारणे गैर होते असे मी म्हणणार नाही. अखेरीस निम्मी रक्कम समितीने आणि निम्मी मी द्यायची असे ठरले. वस्तू चर्चची राहील, म्हणजे उद्या दुसरे कोणी वाजवील तर त्यालाही ती मिळेल. त्या शेवटच्या अटीने मुलाचा चेहरा जरा उतरला होता, हे नमूद करायला हवे.

एका शनिवारी आम्ही धोबीतलावला गेलो. जेर महालातले फुर्टाडोंचे दुकान १८६५ पासूनच्या पेढीचे. किती धर्मग्रामांचे ऑर्गन आणि व्हायोलिन त्या परिसरातून गेले असतील! त्या बाजूच्या दुकानांतून आम्ही दुपारभर हिंडलो. एके ठिकाणी विक्रेत्याने पायाने चालवायचा एक लांबलचक प्रोसेसर मांडला. शेकडो आवाज, रंगीत पडदा, जगातल्या नामांकित अ‍ॅम्प्लिफायरांच्या नकला. मुलाचे डोळे त्यावरून हलेनात. मी किंमत विचारली आणि गप्प बसलो. वस्तुतः मला किमतीची नव्हे, त्या शेकडो आवाजांची भीती वाटली; उपासनेच्या मध्यावर पाय चुकून भलत्या कळीवर पडला म्हणजे?

मग आमच्या गरजा मी एका पाकिटामागे लिहिल्या. लाकडी गिटारीसाठीच बनवलेला प्रीअ‍ॅम्प हवा. पिझो चकतीचा प्रवाह अगदी दुबळा, त्याला दहा लाख ओहमच्या आसपास अडथळ्याचे प्रवेशद्वार लागते. सरळ माइकच्या छिद्रात खुपसला तर खर्ज नाहीसा होऊन सूर पत्र्याच्या डब्यासारखा लागतो. किंचाळणारा नेमका सूर शोधून तेवढाच कापणारी फिरकी हवी. बाहेर पडणारी जोडणी माइकसारखी तीन पिनांची, संतुलित हवी, कारण गायकवृंदापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची तार लांब आहे आणि साधी तार वाटेतली सारी गुणगुण गोळा करते. अर्थिंगची तार तोडता येणारी कळ असावी. प्रतिध्वनी असलाच तर तो पूर्ण बंद करता यावा. आणि चार-सहा आवाज साठवायला जागा असली तर उत्तम.

असे यंत्र मिळाले. दिसायला अगदी सामान्य, काळे, जेवणाच्या डब्याएवढे. सूर आत शिरला की सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो, आकड्यांत बदलतो, आकड्यांवर हिशेब होतो आणि पुन्हा सूर होऊन बाहेर पडतो. आणि हे इतक्या झटपट, की वाजवणाऱ्याच्या बोटाला कळत नाही. मुलाने दुकानात ते पाच मिनिटे वाजवून पाहिले. "साधा आहे," तो म्हणाला. तक्रार होती की पसंती, मला उमगले नाही. परतीच्या हार्बर गाडीत मात्र खोके त्याने मांडीवरून खाली ठेवले नाही. नवा अ‍ॅडॅप्टर मी हाती घेतला तेव्हा त्याने तो हळूच काढून आपल्या पिशवीत टाकला.

पुढचे दोन महिने दर बुधवारी तो देवळात येऊन काम करीत असे. रिकाम्या देवळात नीट बसवलेला सूर रविवारी भरल्या देवळात कोरडा पडे, कारण माणसांची अंगे आणि कपडे नाद पिऊन टाकतात. ते त्याने स्वतःच शोधून काढले. म्हणून आता पेटीत दोन निरनिराळे आवाज आहेत आणि पेटीवर चिकटपट्टीने डकवलेल्या कागदावर त्याच्या अक्षरात लिहिले आहे: १ देऊळ भरलेले, २ देऊळ रिकामे. तिसरा आवाज अंत्यविधीसाठी. त्यात सर्व काही बंद. आषाढीच्या दिवसांत वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडे जाणाऱ्या दिंड्यांतले टाळ आम्हांला ऐकू येतात तेव्हा तो म्हणतो, "बघा फादर, ह्यांना पेटीच लागत नाही."

टीचर दोन महिने काही बोलल्या नाहीत. गेल्या वर्षी नाताळच्या सरावाला त्यांनी त्याला विचारले, "बाबा, तुझ्या त्या डब्यात माझ्या पेटीचा माइक जोडता येतो का? मागे ऐकू येत नाही म्हणतात." त्याने सांगितले, की डब्यात नाही, पण मिक्सरमध्ये जोडून देतो, आणि त्यांच्या पेटीच्या भात्यासमोर नव्हे तर सुरांच्या बाजूला माइक लावून दिला.

यंदाच्या पास्काच्या रात्री गौरवगीताला घंटा वाजल्या तेव्हा मी सवयीने सॅक्रिस्टनकडे पाहिले. तो मेणबत्त्या नीट करीत होता. कागदावर अलीकडे चौथा आकडा आला आहे, पुढे नाव नाही. मी विचारले तर म्हणतो, "तो देवळासाठी नाही, फादर." बुधवारी रात्री कुलूप लावायला गेलो, की हेडफोन लावून तो तेच वाजवीत बसलेला असतो, बाहेर फक्त तारांची किणकिण ऐकू येते, म्हणून मी किल्ली घेऊन दारात थोडा वेळ उभा राहतो.