चुलीपुढचा उजेड

आमच्याकडे उजेड दोन तऱ्हेचा. खळ्यावर डोळे दिपवणारा, आणि चुलीपाशी चिमणीएवढा. थोरल्या काकांचा आगफा क्लिक थ्री खळ्यावर बहाद्दर! उजेडासाठी ऊन नि ढग अशा खुणा, रोलवर १२ फोटो. घरात मात्र तो आंधळा. म्हणून घरातल्या बायका फोटोत नाहीतच. सणासुदीला अंगणात उभ्या केलेल्या, तेवढ्याच.

मी कॅमेरा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "झूमवाला घ्या, लांबचं जवळ दिसतं." मला लांबचं काय करायचंय? शिवाय तसल्या छोट्या कॅमेऱ्यात झूम ओढला की भिंग उजेड कमी घेतं. मी २.८ चं साधं भिंग असलेला, खिशात मावणारा निवडला. रोल १०० ऐवजी ४०० चा, म्हणजे पाव उजेडातही भागतं. फ्लॅश बंद करता येतो ना, हे दोनदा विचारलं. चुलीपुढे फ्लॅश मारला की धूर पांढराफटक उमटतो आणि जाळाचा तांबूस उजेड पार मरतो.

आजी भाकरी थापत होती. कॅमेरा पालथ्या पातेल्यावर टेकवला, म्हटलं, "आजे, जरा दम धर."

"आन् तव्यातली करपंल की रं!"

हात हलले, फोटोत पुसट आले. तोंड मात्र लख्ख आलंय.