चेंबर साफ झाल्यानंतरचे दहा आठवडे

मुंबईत पावसाळे काढलेल्या कोणालाही गटार तुंबण्याचा क्रम तोंडपाठ असतो. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही, मॅनहोलमधून घाण पाणी वर येतं, कोणीतरी वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवतं, गाडी येते, चेंबर मोकळा होतो आणि तक्रार निकाली निघते. हा क्रम मीही वर्षानुवर्षं अनुभवतो आहे आणि माझा आक्षेप त्याच्या शेवटच्या पायरीवर आहे. पाणी ओसरलं की धोका ओसरला, ही समजूत गर्भवती, बाळंतीण आणि तान्हं बाळ यांच्या बाबतीत टिकत नाही. मलनिस्सारण हे इंजिनियरांचं काम आणि नवजात बाळ ही डॉक्टरांची जबाबदारी, अशी आपण वाटणी केली आहे. या दोन खात्यांच्या मधल्या जागेतच बाळाचा धोका वाढतो.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा दिल्लीने 1955-56 च्या हिवाळ्यात दिला. यमुनेच्या पुरानंतर नदीचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचं मैलापाणी वझिराबादला, जिथून शहराचं पिण्याचं पाणी उचललं जातं, तिथवर मागे सरकलं. जलशुद्धीकरण केंद्रात नेहमीपेक्षा जास्त क्लोरिन टाकलं गेलं, त्यामुळे विषमज्वर किंवा आमांशाची मोठी साथ आली नाही. काही आठवड्यांनी मात्र काविळीची लाट उसळली आणि सुमारे 29 हजार लोक आजारी पडले. गर्भवतींमध्ये हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त जीवघेणा ठरला. त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या 1980 सालच्या संशोधनातून हा हिपॅटायटिस ए नव्हे, बी-ही नव्हे, हे दिसलं. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो झाला तर मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. गर्भ दगावतो, बाळ वेळेआधी जन्मतं आणि पोटातल्या बाळालाही संसर्ग होऊ शकतो. संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणजे बाळ दगावतं तेव्हा गटाराची तक्रार निकाली निघून महिना-दीड महिना झालेला असतो आणि या दोन घटनांचा संबंध कोणी जोडत नाही.

नदीला पूर यावा लागतो असंही नाही. आपल्या शहरांत पाणी दिवसातले काही तासच येतं. उरलेल्या वेळात नळाच्या वाहिनीत दाब नसतो, आणि शेजारची जमीन तुंबलेल्या मैलापाण्याने भिजलेली असेल तर गळक्या सांध्यातून तेच पाणी आत ओढलं जातं. वाहिनीला थेट पंप लावणारे लोक या ओढीत भरच घालतात. इचलकरंजीत 2012 साली काविळीची मोठी साथ आली. मैलापाणी आणि पिण्याचं पाणी यांच्यातलं अंतर आपल्याकडे किती थोडं आहे, हे महाराष्ट्राला त्यानंतर वेगळं सांगायला नको होतं.

यावर पहिला आक्षेप असा, की नवजात बाळ आईचं दूध पितं, त्याला नळाच्या पाण्याशी काय करायचं? आईचं दूध हे बाळाचं मोठं संरक्षण आहे, यात शंका नाही. पण जन्माआधी बाळाचं पाणी म्हणजे आईचंच पाणी असतं. जन्मानंतर गुटी उगाळायला पाणी लागतं, वरच्या दुधाची बाटली धुवायला लागतं, अंघोळीला लागतं. नाळेची जखम ओली असते आणि तिला हात लावणारा माणूस त्याच नळाखाली हात धुतो. घरात पाणी शिरलं की बाळंतिणीला हलवावं लागतं, तिची झोप आणि जेवण बिघडतं, आणि अशाच वेळी वरचं दूध सुरू होतं. आपली पावसाळी सूचना मात्र पाण्यातून चालत गेलेल्यांना उद्देशून असते: लेप्टोस्पायरोसिसची गोळी घ्या. जो चाललाच नाही, तो त्या सूचनेत येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवजात मृत्यूंची मुख्य कारणं अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मावेळी श्वास कोंडणं आणि रुग्णालयातला जंतुसंसर्ग ही आहेत, मग गटारावर एवढा भर कशाला? हे मला मान्य आहे. गटार दुरुस्त केल्याने बालमृत्यू दर निम्मा होईल, असा माझा दावा नाही. पण रुग्णालयातल्या मृत्यूंसाठी निदान एक खातं तरी उत्तरदायी असतं. गटारातून आलेल्या संसर्गाचा हिशेबच कुठे लिहिला जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याला आपण छोटं समजतो. तिसरा आक्षेप पैशाचा: मोठ्या वाहिन्यांना खर्च आणि वेळ दोन्ही लागतात. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी यंत्रणा ताशी 25 मिलीमीटर पावसासाठी होती, ती 50 वर न्यावी अशी शिफारस 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात होती. मधे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस झाला, तरी ती सगळी कामं अजून पूर्ण नाहीत. म्हणूनच मोठ्या वाहिन्यांची वाट पाहत बसणं हे धोरण होऊ शकत नाही.

स्वस्त उपाय हाताशी आहेत. चेंबर तुंबल्याची नोंद झाली की ती त्याच दिवशी त्या भागातल्या आरोग्य केंद्रात जावी. आशा सेविकेकडे गर्भवतींची आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांची यादी असतेच. त्या घरांत जाऊन पाणी उकळून पिण्याचं सांगावं, कारण केवळ क्लोरिनवर विसंबता येत नाही हे दिल्लीने दाखवलं आहे. नळाच्या टोकाला क्लोरिन तपासावं, तेही पाणी सुरू झाल्याबरोबर, कारण आत ओढलेली घाण पहिल्या धारेतच येते. आणि त्या घरांवर पुढचे दहा आठवडे लक्ष ठेवावं: डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, बाळाने दूध ओढणं सोडणं. यासाठी नवी वाहिनी लागत नाही, दोन खात्यांनी एक वही वापरायला हवी. त्या वहीत गटाराची तक्रार चेंबर मोकळा झाल्याच्या दिवशी निकाली काढू नये. परिसरातली शेवटची बाळंतीण तपासून झाल्यावरच त्या तक्रारीवर निकालीचा शिक्का मारावा.