शिट्टी मारण्याआधी

दोस्तांनो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही कधी शिट्टी मारली आहे? मी मारली आहे. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

मी तेव्हा धुळ्याला आठवीत होतो. वर्गात रावेरकडचा एक मुलगा होता, त्याच्या घरची केळीची बाग. गॅदरिंगला आम्ही सगळे सिनेमाच्या गाण्यांवर नाचलो. हा मात्र एकटाच, अनवाणी, नुसत्या ढोलकीवर! वादळात केळीची बाग कशी आडवी होते, तो नाच त्याने स्वतः बसवला होता. तो वाकायचा, थरथरायचा, धाडकन् पडायचा. कुणीतरी ओरडलं, "हाऊ काय नाच से रे?" सगळे हसले. पहिली शिट्टी माझी. मग ढोलकीही ऐकू येईना. तो मध्येच थांबला आणि आत निघून गेला. पुन्हा कधी स्टेजवर आला नाही.

पुढे कॉलेजसाठी जळगावला गेलो. तिथल्या वाचनालयात एका पुस्तकात पॅरिसची एक हकीकत वाचली. द्यागिलेव नावाच्या रशियन गृहस्थाने १९०९ साली तिथे 'बॅले रूस' ही नृत्यमंडळी आणली. २९ मे १९१३ ला त्यांनी 'राइट ऑफ स्प्रिंग' हा नवा बॅले केला. बॅले म्हणजे चवड्यांवरचा हलका, नाजूक नाच, अशी लोकांची सवय. इथे तर नर्तक पाय आत वळवून जमीन दणादणा तुडवत होते! प्रेक्षकांनी इतकी हुर्यो केली की, नर्तकांना संगीत ऐकू येईना. नाच बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून ओरडून आकडे मोजत होता. पण नाच थांबला नाही, शेवटपर्यंत झाला.

त्याचे प्रयोग मात्र मोजकेच झाले. स्त्राविन्स्कीचं संगीत कागदावर होतं, ते टिकलं. नाच विसरला गेला. जुनी चित्रं, टिपणं, म्हाताऱ्या कलाकारांच्या आठवणी जुळवून अमेरिकेत तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा १९८७ साल उजाडलं होतं.

त्याच थिएटरात ३ मार्च १९३१ ला पडदा वर गेला तो आपल्या उदय शंकर यांच्या मंडळींसाठी! ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले. नाच मात्र त्यांनी स्वतःच बसवलेले. सोबत होता दहा वर्षांचा धाकटा भाऊ, म्हणजे पुढचे सतारवादक पंडित रविशंकर. त्यांच्या मंडळींना मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं.

मागे एका लग्नात तो मित्र भेटला. मी माफी मागितली. तो हसला.

"तो नाच कसा होता रे?" मी विचारलं.

"आता मलाच आठवत नाही," तो म्हणाला.

त्याचं टिपण कुणी केलं नव्हतं. मी तर शिट्ट्या मारत होतो!

म्हणून दोस्तांनो, यंदाच्या गॅदरिंगला कुणी काही वेगळं केलं, तर एवढंच करा. शेवटपर्यंत पाहा. नाहीच आवडलं, तर नंतर त्याला तसं सांगा. पण नाच पुरा होऊ द्या.