बाळाचं आधी काढ

चि. सौ. मनूस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, आजी वरण घोटलं की आधी एक वाटी बाजूला का काढायची गं?" मी "बाळासाठी" एवढंच म्हणाले, तेवढ्यात तुझी छोटी रमा रडायला लागली आणि तू फोन ठेवलास. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा सोनू लहान होता तेव्हा तू शाळेत जायला नुकती लागली होतीस, सुट्टीपुरती शिरोड्याला यायचीस. तरी ती वाटी तुझ्या लक्षात राहिली! आणि आठवली ती लीड्समध्ये, तिथल्या हेल्थ व्हिजिटरने "वर्षाची होईपर्यंत मीठ नको" असं सांगितल्यावर. म्हणून आता नीट लिहिते. थोडं तुझ्यासाठी, थोडं माझ्यासाठी.

आपल्याकडे मिठाची बरणी चुलीच्या वरच्या फळीवर असायची. चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, झाकणाचा एक टवका उडालेला. आत करवंटीची डवली. मीठ मिठागरातलं, जाडं, जरा करडं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं, बरणीच्या तळाशी खारं पाणी साचायचं, आणि आई ती तिरकी करून ठेवायची म्हणजे वरचं मीठ कोरडं राहील. ती फळी माझ्या हाताला पुरत नसे. पाटावर चढून बरणी काढली की पाठमोरी असूनसुद्धा आईला आवाजावरून कळायचं. लगेच विचारायची, "बाळाचा काढलंस मां?" घरात कुणाचं ना कुणाचं मूल उष्टावणाच्या वयाचं असायचंच, त्यामुळे तो प्रश्न वर्षानुवर्षं थांबला नाही. बाळाची वाटी भरल्याशिवाय बरणीचं झाकण उघडायचं नाही. पेज असो, वरण असो, लाल भोपळा असो, शिजवायचं सगळ्यांचं एकत्रच. मीठ पडायच्या आधी बाळाचं काढायचं आणि मग बाकीच्या टोपात डवली फिरवायची.

कंजूषपणा नव्हता हं तो. शिरोड्यात मीठ कमी कधी पडणार? गावाला मिठागरं होती. तिथेच १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, लांबलांबून माणसं आली, लाठ्या खाल्ल्या. लेखक वि. स. खांडेकर त्या वेळी गावच्या शाळेत शिकवत होते. आई तेव्हा लहान पोर. कधी झालं ते तिला नीट सांगता यायचं नाही. एकदा म्हणे शिमग्यानंतर, एकदा म्हणे आंबे उतरवत होते तेव्हा. पण तिच्या वडिलांनी पंच्याच्या टोकाला बांधून आणलेलं मूठभर मीठ तिला स्पष्ट आठवायचं. ते स्वयंपाकात कधी वापरलं नाही, देवाजवळ ठेवलं होतं. मिठाचं मोल त्या घराला चांगलं ठाऊक होतं. बाळाची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्याच लागायच्या. मीठ बाळावरून उतरायचं, बाळाच्या तोंडात मात्र घालायचं नाही.

का, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "मीठ खाल्लं की तहान लागते. तुला लागली तर तू पाणी मागशील. बाळ कुणाकडे मागणार? ते नुसतं रडणार, आणि आपण त्याला परत भरवणार." तिला मूत्रपिंडाची माहिती नव्हती, पण यापेक्षा नेमकं कारण मी डॉक्टरांकडूनही ऐकलेलं नाही. डॉक्टर सांगतात ते असं: तान्ह्या मुलाची मूत्रपिंडं अजून पुरती तयार नसतात, जास्तीचा सोडियम बाहेर टाकणं त्यांना जड जातं. लागेल तेवढा सोडियम आईच्या दुधातून आणि साध्या जेवणातून मिळतोच. शिवाय जिभेला पहिल्या वर्षात जी चव लावाल ती पुढे मागते.

तेव्हाही सगळ्या घरांत असं नव्हतं. शेजारच्या काकू चिमूटभर मीठ घालायच्या आणि आईला म्हणायच्या, "अळणी पेज पोर कशी खाईल?" तुझ्या सासूबाईही तेच म्हणतात, तर त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या मायेत काही खोट नाही. अळणी हे आपल्या जिभेला लागतं. जिने मीठ कधी चाखलंच नाही तिला भातात भाताची चव लागते, भोपळ्यात भोपळ्याची. हवं तर तूप घाल, चिमूटभर जिरेपूड घाल. आणि सासूबाई आयोडीनचं म्हणाल्या असतील, तर आपल्याकडे मीठ आयोडीनयुक्त असतं हे खरं, पण तुमच्याकडच्या दुकानातल्या बहुतेक मिठात आयोडीन नसतंच. ते दुधातून आणि मासळीतून मिळतं. तूही दूध-मासळी घेत जा, रमा अजून अंगावर पिते.

तुमच्याकडे एक वर्षाच्या आत दिवसाला १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगतात, पुढे तीन वर्षांपर्यंत २ ग्रॅम. चहाच्या एका चमच्यात पाच-सहा ग्रॅम मावतं, म्हणजे बघ. मला काळजी तुझ्या हातच्या मिठाची नाहीच. न दिसणाऱ्या मिठाची आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्येच पाव ते अर्धा ग्रॅम मीठ जातं. मग चीज, सूपसाठी घालतात त्या वड्या, तयार मसाल्याची पाकिटं. तिथे पाकिटावर मीठ लिहिलेलं असतं. १०० ग्रॅमला दीड ग्रॅमच्या वर असेल तर ते फार, ०.३ ग्रॅमपर्यंत असेल तर कमी. भारतातून आणलेल्या पाकिटावर बहुधा सोडियम लिहितात, त्याला अडीचने गुण.

आपल्या घरातलंही तपासायला हवं. आगळात मीठ असतं, म्हणून सोलकढी तिला चमचाभरही नको. सुकट आणि खारा बांगडा तर नकोच. मासळीला आपण आधीच मीठ-हळद लावून ठेवतो, तिथे आईची वाटी उपयोगाची नाही. रमाचा तुकडा धुऊन लगेच वेगळा वाफव आणि काटे बोटांनी दोनदा चाचपून काढ. आणि एक वर्षाच्या आत मधाचं बोट कुणालाही चाटवू देऊ नकोस, आपली रीत असली तरी. त्याने होणारा आजार भयंकर असतो. मात्र जुलाब झाले आणि डॉक्टरांनी जलसंजीवनी दिली तर त्यात मीठ आहे म्हणून नाकारू नकोस. ते औषध आहे.

तुमचं दोघांचं जेवणही यात सुधारेल. एक टोप अळणी शिजवून बाळाचं काढलंत की उरलेल्यात थोडं कमीच मीठ घाला. आपल्या पानात वरच्या बाजूला मीठ वाढतात ते कशासाठी? ज्याला हवं त्याने घ्यावं. नैवेद्याच्या पानात तेवढं वाढत नाहीत. आई म्हणायची, घरात दोनच पानं बिनमिठाची, एक देवाचं आणि एक बाळाचं. बाजारच्या तयार बाळजेवणाच्या बरण्यांपेक्षा रमा तुमच्याच टोपातलं खाते आहे, हे मला फार आवडलं. तेवढं सोडू नकोस. भरवताना तिच्याशी मराठीत बोल. पेज, वरण, गुरगुट्या भात, हे शब्द तिला घास तोंडात असताना कानावर पडू देत, नंतर वर्गात बसवून शिकवता येत नाहीत. तीन गणपती झाले, तुम्ही आला नाहीत. तिचा मामा अजून तिला भेटलेला नाही, उष्टावणही तिकडेच उरकलंत. मी बोलणार नव्हते, पण लिहिताना आलंच.

शेजारच्यांचा मुलगा पुढच्या आठवड्यात मँचेस्टरला निघतोय, त्याच्याबरोबर नाचणीचं सत्त्व पाठवते आहे. घरीच काढलंय. दोन चमचे गार पाण्यात कालवून घे, मग मंद आचेवर ढवळत राहा, चकाकी आली की उतरव. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचेच दे.

आणि तुझ्या बाबाला एकदा फोन कर. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, तरी भाताबरोबर कैरीचं लोणचं आणि दोन पापड रोज लागतात. माझं ऐकत नाही. तू सांगितलंस तर ऐकेल.

तुझी,
आत्या