नोनोचे टायर



मागच्या महिन्यात माझ्या बॅचच्या एका दोस्ताचा गावाहून फोन आला. पेन्शनवर जाऊन त्याला वर्ष झालं. दुधाच्या धंद्यासाठी त्याने फोर बाय फोर पिकअप घेतली आहे. म्हणाला, "तू सगळी सर्व्हिस एमटीत काढलीस, तूच सांग. टायर एटी टाकू की एमटी?"

फौजेत एमटी म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट. टायरवाल्याकडे एमटी म्हणजे मड टेरेन, चिखलाचा बटण टायर. आणि एटी म्हणजे ऑल टेरेन, सगळीकडे थोडा थोडा चालणारा. मी त्याला विचारलं, "आधी रस्ता सांग." तो वैतागला. "अरे, एवढी वर्षं गाड्या चालवल्यास आणि एका शब्दात सांगता येत नाही?"

एका शब्दात मी एकदा सांगितलं होतं. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. आज तेच लिहितो.

माझी पहिली मोठी पोस्टिंग राजस्थानात, रामगढ-लोंगेवालाच्या बाजूला. तिथे उस्तादांनी पहिला धडा दिला तो हवा कमी करण्याचा. वाळूत शिरायच्या आधी टायर १८-२० पीएसआयवर आणायचा. टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते. खोल बटणाचा टायर तिथे उलट खड्डा खणतो. जास्त रेस दिली की गाडी एक्सलपर्यंत आत. डांबरावर परत आल्यावर मात्र हवा भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

मग अरुणाचल. तवांगच्या रस्त्यावर पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता म्हणजे नुसता गारा. तिथे बटण टायरची खरी किंमत कळली. मोठे ठोकळे, मध्ये रुंद खाचा. चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळ्याला परत धरायला जागा मिळते. साध्या टायरच्या खाचा चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. दोन पावसाळे ते बघितलं आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं : डोंगर म्हटला की बटण टायर.

हेच डोक्यात घेऊन मी लडाखला गेलो.

तांगत्सेच्या बाजूचा एक पोरगा भाड्याच्या पिकअपवर भाजी, पिठाची पोती, गॅस सिलिंडर असं सामान लेहहून आणायचा. लडाखीत धाकट्या भावाला नोनो म्हणतात, आम्ही सगळे त्याला नोनोच म्हणायचो. तो मला उस्ताद म्हणायचा. गाडी कर्जाची होती. ऑक्टोबरमध्ये टायर संपले तेव्हा त्याने विचारलं, "उस्ताद, कौन सा टायर डालूँ?"

मी विचारसुद्धा केला नाही. म्हणालो, "बटन टायर डाल, बेफिकर हो जा." त्याने दोन हप्त्यांचे पैसे अडकवून चार नवे मड टायर टाकले. गाडी दिसायलाही झकास झाली. आम्ही दोघांनी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढला.

डिसेंबरमध्ये चांग ला उतरताना, सोलटकच्या वरच्या बाजूला ती गाडी घसरली. खिंड सुमारे १७,५०० फुटांवर. दिवसा ऊन लागून रस्त्यावरचा बर्फ वितळतो आणि सावलीच्या वळणावर पुन्हा गोठून काच होतो. नशिबाने गाडी दरीकडे न जाता डोंगराला धडकली. आमची गाडी मागून येत होती. पोचलो तेव्हा नोनो डावा हात छातीशी धरून उभा होता. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. पोती रस्त्यावर फुटलेली. त्याने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, "उस्ताद, टायर तो नया था."

त्या रात्री मी झोपलो नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, टायर नवा होता. चुकीचा होता, आणि तो मी सांगितला होता.

नंतर ईएमईच्या एका जुन्या हवालदाराने मला टायर हातात घेऊन समजावलं. बर्फावर पकड देतात त्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा. शेकडो छोट्या कडा बर्फाला धरतात. मड टायरवर अशा चिरा फार थोड्या. वर रबर थंडीत कडक होतं. म्हणजे काचेवर चार लाकडी ठोकळे. अरुणाचलात ज्यामुळे आम्ही तरलो, त्याच गोष्टीने लडाखमध्ये दगा दिला. एका पोस्टिंगचं ज्ञान मी न तपासता दुसऱ्या पोस्टिंगला नेलं होतं.

हाड जुळल्यावर नोनोला घेऊन मी लेहला गेलो. मड टायर कमी पैशात विकले, फरकाची रक्कम मी घातली. त्याने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. या वेळी दुकानात दोन तास काढले. काय बघितलं ते लिहितो, कुणाच्या कामाला येईल.

पहिलं, टायरच्या बाजूवरची खूण. 'एम प्लस एस' हे कंपनी स्वतःच छापते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असेल तर तो टायर दाबलेल्या बर्फावर चाचणी देऊन पास झालेला असतो. अशी खूण असलेला एटी टायर घेतला.

दुसरं, वजन. साइझनंतर येणारा आकडा भार सांगतो. १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो, १०९ म्हणजे १०३०. पोती लादणाऱ्या गाडीला मागच्या चाकांचा हिशोब आधी करायचा.

तिसरं, वय. चार आकडी शिक्का असतो. ३८१९ म्हणजे २०१९ सालचा ३८वा आठवडा. दुकानदाराने आधी दाखवलेला सेट पाच वर्षं गोदामात पडलेला होता. नक्षी कोरी, रबर मेलेलं. परत केला.

चौथं, साइझ. नोनोला एक नंबर मोठा हवा होता, दिसायला. मी नाही म्हटलं. कंपनीचा २३५/७५ आर १५ हाच घेतला. मोठा टायर जड, आणि खिंडीत इंजिनाला आधीच हवा कमी. स्पीडोमीटरही खरा वेग दाखवत नाही. शिवाय फोर बाय फोरला चारही टायर एकसारखे हवेत. पुढे एक, मागे एक केलं की गिअरवर ताण येतो.

आणि शेवटी चेन. कारण काचेसारख्या बर्फावर कुठलाच टायर धरत नाही, हिमकणाची खूण असलेलाही नाही. झिंगरलला थांबून चेन लावायची, मग चढायचं. रोज सकाळी गार टायरवर हवा बघायची. तापमान दहा अंशांनी उतरलं की दीड-दोन पीएसआय जातात. आपल्या फर्स्ट परेडसारखं, चुकवायचं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत रात्री गावातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली. नोनोने तिला आणि तिच्या सासूला पिकअपमध्ये घातलं, चेन लावली आणि चांग ला ओलांडून पहाटे लेहच्या एसएनएम हॉस्पिटलात पोचवलं. मुलगी झाली. चार दिवसांनी तो युनिटच्या गेटवर आला. टायरवर हात मारून म्हणाला, "उस्ताद, एक बार भी नहीं हिला." मी म्हटलं, "चेन लगाई थी ना?" तो हसला. "लगाई थी."

तर दोस्ताचं. त्याचं गाव गगनबावड्याच्या बाजूला. चौदा किलोमीटर डांबर, शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा चढ, आणि वर्षातले चार महिने मुसळधार पाऊस. बर्फाच्या खुणेचा त्याला काही उपयोग नाही. मड टायर घेतला तर चढावर मजा येईल, पण रोज चौदा किलोमीटर ओल्या डांबरावर ब्रेकला पकड कमी मिळेल, आणि मागे दुधाचे कॅन आहेत. म्हणून त्याला एटी सांगितला, जरा खोल नक्षीचा, कंपनीच्याच साइझचा, ताज्या तारखेचा. वर हेही सांगितलं, की जुलैत एकदा स्वतः चढून बघ आणि मला फोन कर. तुझा चढ मी पाहिलेला नाही.

जय हिंद.