निरभ्र रात्रीची तपासणी

मार्गशीर्ष अमावास्येची रात्र निरभ्र होती. कंधारच्या घराच्या गच्चीवर ताऱ्यांची छायाचित्रे घेण्यासाठी आणलेला नवा ट्रॅकर मी तपासत होतो. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकते. स्थिर कॅमेऱ्याने अर्धा मिनिट चित्र घेतले, तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ट्रॅकर कॅमेऱ्याला आकाशाच्याच गतीने फिरवतो. मात्र त्याचा अक्ष आधी ध्रुवताऱ्याकडे वळवावा लागतो.

कंधारचा अक्षांश सुमारे १९, त्यामुळे ध्रुवही क्षितिजापासून तेवढेच अंश वर दिसतो. हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठी, ही त्याची खूण अण्णांनीच मला लहानपणी शिकविली होती. गुडघ्यांचे कारण सांगून ते वर्षभर गच्चीवर आले नव्हते. त्या रात्री मी आग्रहाने, हात धरून आणले आणि ध्रुव दाखवा म्हटले.

ते बराच वेळ उत्तरेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आज धुकं पडलंय का रे?”

धुके नव्हते. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, उतारवयात त्याहून अधिक. म्हणून आम्ही पाऊण तास थांबलो. तरीही ध्रुव त्यांना दिसला नाही. रस्त्यावरच्या दिव्याभोवती मात्र वलय दिसत होते. गुडघे हे निमित्त होते. अंधारात जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत, हे त्यांना सांगवत नव्हते. रोज परक्या वृद्धांचे डोळे पाहणाऱ्या मला घरातले डोळे पाहण्याचे सुचले नव्हते.

त्या रात्री मृगातील तेजोमेघाचे चित्र सुरेख आले, पण माझे मन त्यात लागले नाही. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. काही महिन्यांच्या अंतराने दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या.

घरातील ज्येष्ठ संध्याकाळनंतर बाहेर पडणे टाळू लागले, जिन्यात चाचपडू लागले, दिव्याभोवती वलय दिसते म्हणाले, तर ‘वयोमान’ म्हणून सोडून देऊ नये. मोतीबिंदू औषधाच्या थेंबांनी विरघळत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. डोळे तपासून होईपर्यंत जिन्यात रात्रभर मंद दिवा असू द्यावा.

पुढच्या मार्गशीर्षात अण्णा कठडा धरून स्वतः गच्चीवर आले. मी ट्रॅकर मांडेपर्यंत त्यांनी उत्तरेकडे हात लांब करून दोन मुठी धरल्या होत्या.