दरजा

साताऱ्याच्या आमच्या घरी फाटकापासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट आहे. तिच्यातला पायरीपासूनचा तिसरा ब्लॉक दोन वर्षे हलत होता. पाय पडला की तो एका अंगाने खाली जाई आणि पावसाळ्यात खालचे गढूळ पाणी कपड्यांवर उडे. या दोन वर्षांत आम्ही तो दुरुस्त केला नाही. चुकवायला मात्र शिकलो. ‘तेवढा सोडून पाय टाका’ हे सांगणे आमच्या आतिथ्याचा भागच होऊन बसले होते. त्यात सर्वांत पुढे नाना. जन्मभर मराठी शिकवलेला त्यांचा आवाज ओसरीवरून यायचा, “पायाखाली बघा!”

त्याच नानांचा पाय गेल्या मे महिन्यात त्या ब्लॉकवर पडला. हाड मोडले नाही. तळहात खरचटले, गुडघा सुजला. पण पडल्या जागी बसूनच त्यांनी विचारले, “हा हलतो हे मला कुणी सांगितलं कसं नाही?” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. एखादी गोष्ट चुकवून चालायचे तर ती रोज लक्षात ठेवावी लागते, हे आम्हांला तोवर सुचलेच नव्हते.

दुसऱ्याच दिवशी घमेल्यात सिमेंट कालवून आम्ही त्या ब्लॉकभोवतीच्या फटी लिंपून टाकल्या. नानांना डॉक्टरांकडे नेण्यापेक्षा ते सोपे होते. जूनच्या पावसात ते सिमेंट खपल्यांसारखे सुटून आले. मग फरशी चिकटवण्याच्या अ‍ॅडहेसिव्हची पिशवी आणली. खालचा थर घट्ट, स्वच्छ आणि न हलणारा हवा, असे तिच्यावर स्पष्ट छापले होते. आमच्या ब्लॉकखाली होती वाळू. ग्रंथांच्या तळटिपा तपासणाऱ्या आम्हांला हा मजकूर पैसे देऊन झाल्यावर वाचावासा वाटला.

अखेर गवंडी आले. त्यांनी पहारीच्या टोकाने ब्लॉक अलगद उचलला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “सर, ब्लॉकला काही झालेलं नाही. खालचं गेलंय.” गच्चीवरच्या पाण्याचा पाइप नेमका तिथेच सुटत होता, त्या पाण्याने वाळू थोडी थोडी करून नेली होती.

हे ब्लॉक मुळात कशानेही चिकटवलेले नसतात. दाबून घट्ट केलेली खडी, तिच्यावर सुमारे इंचभर वाळू आणि ब्लॉकांमधल्या दोन-चार मिलिमीटरच्या फटींत बारीक वाळू, एवढ्यावर ते उभे असतात. फटींतल्या वाळूमुळे एकावर आलेला भार शेजारचे वाटून घेतात. मधल्या एकालाच सिमेंटने जखडले तर भोवतालचे किंचित हलणारे आणि तो ताठ, तडा जाणारच. चुन्या-सिमेंटच्या मालाची खरी जागा कडेला. मातीकडची रांग सरकली की आतली सगळी सैल होतात. म्हणून गवंड्यांनी आधी पाइप वळवला, मग कडेची रांग एकास चार मालात बसवली, आत नवी वाळू ठोकून सपाट केली आणि ब्लॉक परत ठेवला. अ‍ॅडहेसिव्हही वाया गेले नाही. पायरीवरची सुटलेली शहाबादी त्याने बसली, कारण तिच्याखाली पक्का कोबा होता.

“आता दरजा भरू,” असे म्हणत त्यांनी कोरडी वाळू झाडूने फटींत लोटली. ओसरीवरून नाना एकदम म्हणाले, “दर्ज म्हणजे फारसीत शिवण. दर्जी त्यातूनच आला.” सकाळी चहा घेतला की नाही हे त्यांना आठवत नव्हते, शब्दाची शिवण मात्र जागच्या जागी होती. गवंड्यांनी हात थांबवून मान डोलावली. आम्हांला त्या क्षणी काही बोलता आले नाही.

कडेच्या मालावर सात दिवस पाणी मारायचे होते. ते काम नानांनी मागून घेतले. सकाळी झारीने पाणी घालत, आणि तासाभराने विचारत, “कडेला पाणी घातलं का रे?” पहिल्या दिवशी आम्ही ‘तुम्हीच घातलंत’ म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून ‘घालू या’ म्हणून त्यांच्याबरोबर पुन्हा झारी घेतली. मालाला जास्तीच्या पाण्याने काही अपाय होत नव्हता. सातव्या दिवशी आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली. दोन वर्षे नानांच्या बोलण्यातल्या ज्या जागा आम्ही शिताफीने चुकवत आलो होतो, त्यांची एक यादीही केली. ती आमच्या अपेक्षेहून लांब निघाली.

ब्लॉक आता हलत नाही. आमचे पाय अजूनही तिथे आपोआप लांब पडतात. नाना मात्र सरळ त्याच्यावर पाय ठेवून फाटकापर्यंत जातात आणि वर्तमानपत्र घेऊन परत येतात.